दया आणि आदर : पंडिता रमाबाईंच्या कार्याच्या संदर्भात

ख्रिस्ती नीतिविचारात दया आणि आदर ही मूल्ये बहुधा जोडीने येतात; तथापि ती एकरूप नव्हेत. दया दुसऱ्याची उणीव पाहते, आदर त्याची योग्यता पाहतो. ‘उत्पत्ति’च्या पहिल्या अध्यायानुसार मनुष्य ईश्वराच्या प्रतिरूपात निर्माण झाला आहे. तेथे स्त्री व पुरुष दोघांचाही निर्देश आहे. कुल वा विद्वत्ता यांची अट नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात (२:१७) सर्व माणसांना मान देण्याची आज्ञा आहे, आणि त्याच वचनात राजालाही मान देण्यास सांगितले आहे. मूळ ग्रीकमध्ये दोन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे. म्हणजे राजाला जो मान द्यावयाचा, तोच वाटेवरच्या अनोळखी माणसालाही द्यावयाचा.

व्यवहारात ही आज्ञा किती अवघड ठरते, याचे बोधप्रद उदाहरण म्हणजे पुणे जिल्ह्यातील पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे कार्य होय. १८७०च्या दशकातील दुष्काळात रमाबाईंचे आईवडील व थोरली बहीण मरण पावली. पुढे त्यांनी भावासह देशभर पायी प्रवास केला. अन्नासाठी दुसऱ्याच्या दारी उभे राहणे म्हणजे काय, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या भगिनीसंघाची लंडनमध्ये शाखा होती. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तेथे सन्मानाने वागविले जात असलेले त्यांनी पाहिले. अशा स्त्रियांसाठी काही केले पाहिजे, ही जाणीव आपल्याला प्रथम तेथे झाली, असे त्यांनी पुढे आत्मनिवेदनात नमूद केले आहे. या वागणुकीचे कारण विचारले असता एका भगिनीने त्यांना शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. त्या कथेत येशू परक्या समाजातील, लोकापवाद सोसणाऱ्या स्त्रीजवळ पाणी मागतो. देणारा येथे याचक होतो, आणि जिला कोणी विचारीत नव्हते तिच्याशी धर्माचा गहन विचार बोलतो. दया आणि आदर यांतील भेद या कथेत स्पष्ट होतो.

बाप्तिस्म्यानंतर रमाबाईंना हाच आदर स्वतःसाठी मागावा लागला. आपली सद्‌सद्विवेकबुद्धी त्यांनी चर्चच्या अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केली नाही. पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्यास बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी पत्रांतून सडेतोड प्रतिवाद केला. भगिनींचे त्यांच्यावर प्रेम होते. परंतु प्रेमाबरोबर आज्ञापालनाची अपेक्षाही होती. उपकार करणारा उपकृताचे स्वतंत्र मत सहन करतो किंवा नाही, हीच येथे खरी कसोटी होती.

ती कसोटी लवकरच रमाबाईंवरही आली. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदासदन उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास आले. विद्यार्थिनींना आपापला धर्माचार पाळण्याची मोकळीक राहील, असे आश्वासन होते. परंतु काही मुली रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेस बसू लागल्या, आणि १८९३ साली वाद पेटला. न्या. रानडे व डॉ. भांडारकर यांनी संस्थेशी असलेला संबंध सोडला आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की, आपल्या खोलीचे दार उघडे असते. येणाऱ्या मुलीला बोलावलेले नाही, तसे हाकलणेही योग्य नाही. टीकाकारांचा मुद्दा वेगळा होता : जिचे अन्नवस्त्र एखाद्या व्यक्तीवर अवलंबून आहे, तिची त्या व्यक्तीसमोरची निवड कितपत स्वतंत्र? हा प्रश्न आजही निरुत्तर करणारा आहे. एवढे मात्र खरे की, पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई जोशी हिंदूच राहिल्या. १८९३ सालीच धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून त्या आनंदीबाई कर्वे झाल्या.

पुढे दौंड तालुक्यातील केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले. १८९६–९७ व १९०० च्या दुष्काळांत तेथे शेकडो मुली आल्या. येथे मात्र ख्रिस्ती शिक्षण उघडपणे दिले जाई. त्यामुळे वरील आक्षेप येथे अधिकच तीव्र होतो. तरीही या मुलींना केवळ पोसण्याची वस्तू मानले गेले नाही. त्या विणकाम, शेती व छपाई शिकल्या. अंधांना ब्रेल शिकविण्यात आले. टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे सोपे मराठी भाषांतर केले, ते नवसाक्षर स्त्रीला स्वतः वाचता यावे म्हणून. त्याच्या छपाईचे कामही तेथील स्त्रियांनीच केले. वाचणारी स्त्री स्वतः अर्थ लावू शकते, हा विश्वास या उद्योगाच्या मुळाशी होता.

आज त्याच जिल्ह्यात पिंपरी-चिंचवड व चाकण येथील कारखान्यांत दूरदूरचे कामगार येतात. त्यांतील अनेक जण कंत्राटी असतात, आणि प्रवेशपत्रावरील क्रमांकाने किंवा ठेकेदाराच्या नावाने ओळखले जातात. अन्नदान वा वैद्यकीय शिबिर एवढ्याने पेत्राची आज्ञा पुरी होत नाही. त्या माणसाचे नाव विचारले जाते काय, त्याला नकार देता येतो काय, त्याचे मत ऐकले जाते काय, हे प्रश्न उरतातच. ज्याला नकार देण्याची मुभा नाही, त्याच्यावर दया करता येते. परंतु त्याचा आदर केला असे म्हणता येत नाही.