लोणारच्या गाळात मिथेन कोण खातं?

शेलूबाजारहून मालेगाव, मेहकर करत लोणारला जाणं ही आमच्या शाळेची ठरलेली सहल. विवरात उतरलं की कुजक्या अंड्यासारखा वास यायचा आणि आम्ही नाकाला रुमाल लावून परत वर. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. पण त्याच गाळात मिथेनही तयार होतो, आणि त्याला वासच नसतो. म्हणून तो सहलीत कुणाच्या लक्षात येत नाही.

आता पाणथळ जागेचा हिशेब बघा. मेलेलं शेवाळ, काठावरच्या जंगलाचा पालापाचोळा, सगळं तळाशी बसतं. तिथे ऑक्सिजन नाही, त्यामुळे कुजता कुजता शेवटी मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा साधारण २७ पट जास्त तापवतो. मात्र वर येताना, जिथे थोडा ऑक्सिजन मिळतो तिथे, काही जिवाणू तो खाऊन टाकतात. हवेत जातं ते उरलेलं. म्हणजे मिथेन बनवणारे कोण, एवढं कळून भागत नाही. खाणारे कोण, तेही कळायला हवं.

लोणारचं पाणी खारं, वर पीएच १० च्या आसपास. अशा ठिकाणी हे काम कोण करतं, यावर पुण्याच्या एनसीसीएसमधले योगेश शौचे, इंग्लंडच्या वॉरिक विद्यापीठातले कॉलिन मरेल आणि सहकाऱ्यांचा पेपर २०१० मध्ये आला. (त्यात विवराचं वय सुमारे ५२,००० वर्षं आहे. पुढच्याच वर्षी आर्गॉन पद्धतीने ते ५,७०,००० च्या घरात निघालं. प्रस्तावनेतले आकडे उचलताना जरा थांबा!)

गाळातला डीएनए काढून नुसती यादी केली तर तिथे कोण आहे ते कळतं. पण त्यात झोपलेले, मेलेले, वाहून आलेले सगळेच येतात. गावच्या मतदार यादीसारखं: नाव इथे, माणूस पुण्यात कामाला. काम कोण करतंय हे बघायला या गटाने गाळाला कार्बन-१३ असलेला मिथेन दिला. नेहमीच्या कार्बन-१२ पेक्षा हा थोडा जड. जो हे खाऊन वाढेल त्याचा डीएनएही जड होणार. मग सिझियम क्लोराइडच्या द्रावणात घालून सेंट्रिफ्यूज खूप वेगाने फिरवलं की जड डीएनए खालच्या बाजूला वेगळा थर धरतो. मिथेनॉल आणि मिथायलअमाइन देऊनही हेच केलं. जड थरांत मिथायलोमायक्रोबियम आणि मिथायलोफॅगा हे गट सापडले. यातला मिथेन खाणारा तो मिथायलोमायक्रोबियम.

ऐकायला सोपं वाटतं, पण खरी गंमत पुढे आहे. काही जिवाणूंच्या डीएनएमध्ये जी आणि सी जास्त असतात, त्यामुळे तो काहीही न खाता मुळातच जड असतो. म्हणून शेजारी साध्या मिथेनची बाटली लागतेच. दुसरं, बाटली फार दिवस ठेवली तर खाणाऱ्याला खाणाराही जड होतो, आणि आपण भलत्यालाच श्रेय देतो.

गावाजवळच्या तलावाच्या गाळासाठी मी जो पहिला आराखडा लिहिला, त्यात ती साधी बाटली नव्हती. खर्च वाचवला होता ना! गाइडने एकच विचारलं, "हा जड झाला की आधीपासूनच जड होता, कसं सांगशील?" उत्तर नव्हतं. सहा बाटल्यांचा आराखडा आता बारा बाटल्यांचा आहे, आणि त्या मी चौथ्या, आठव्या आणि सोळाव्या दिवशी उघडणार आहे.