नाटकाची घरे

संध्याकाळची वेळ असते. नाट्यगृहाच्या दाराशी त्या दिवशीच्या प्रयोगाचा फलक लावलेला असतो. तिकीट दाखवून मंडळी आत येतात आणि आपापल्या जागा शोधून बसतात. थोड्या वेळाने पहिली घंटा होते. मग दुसरी होते. तिसरी घंटा झाली, की दिवे मंदावतात, कुजबूज थांबते आणि पडदा उघडतो. त्या क्षणी शेकडो लोकांचे डोळे एकाच ठिकाणी खिळतात. ही किमया नाटककाराची आणि नटाची खरी. परंतु तिच्यात त्या वास्तूचाही वाटा असतो. नटाने हलक्या आवाजात उच्चारलेला शब्द अगदी शेवटच्या रांगेतील मुलाला ऐकू गेला पाहिजे. नटाच्या मुद्रेवरील भाव त्या मुलास दिसले पाहिजेत. जेथे हे साधते, तेच खरे नाट्यगृह होय.

हा विचार आजचा नाही. भरतमुनींच्या 'नाट्यशास्त्र' ह्या प्राचीन ग्रंथात नाट्यगृह कसे बांधावे, ह्याचे सविस्तर वर्णन आहे. लांबट, चौरस व त्रिकोणी असे नाट्यगृहाचे तीन आकार त्यात सांगितले आहेत. माणसांसाठी चौसष्ट हात लांब आणि बत्तीस हात रुंद नाट्यगृह पुरेसे आहे, त्याहून मोठे बांधू नये, असे भरतमुनी बजावतात. कारण वास्तू फार मोठी झाली, म्हणजे शब्द अस्पष्ट होतात व चेहऱ्यावरील भाव दिसेनासे होतात.

आधुनिक विज्ञानही ह्याच प्रश्नाचा विचार करते. ध्वनी हवेतून एका सेकंदात सुमारे ३४० मीटर अंतर जातो. समोरची भिंत १७ मीटरांहून दूर असली, तर तिच्यावर आपटून परतलेला आवाज मूळ आवाजाहून वेगळा ऐकू येतो. त्यालाच प्रतिध्वनी म्हणतात. नाट्यगृहात असा प्रतिध्वनी उठू लागला, तर एक शब्द दुसऱ्यात मिसळून जाईल. म्हणून भिंतींना व छताला विशिष्ट आकार देतात, आणि ध्वनी शोषून घेणारे पदार्थ योग्य जागी बसवितात. प्रेक्षागृहाची जमीनही मागच्या बाजूस चढती ठेवतात, म्हणजे पुढच्याच्या डोक्याचा मागच्याला अडथळा होत नाही.

मराठी रंगभूमीचा जन्म मात्र अशा कोणत्याही नाट्यगृहात झाला नाही. सन १८४३ मध्ये ५ नोव्हेंबर ह्या दिवशी विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' ह्या नाटकाचा प्रयोग सांगलीच्या राजवाड्यात केला. सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या प्रोत्साहनाने तो घडून आला. पुढे भाव्यांची मंडळी मुंबईस गेली आणि १८५३ साली ग्रँट रोडवरील नाट्यगृहात तिने आपले प्रयोग केले. राजवाड्यातील कला अशा रीतीने तिकीट काढून येणाऱ्या सामान्य माणसाची झाली. ५ नोव्हेंबर हा दिवस 'मराठी रंगभूमी दिन' म्हणून साजरा होतो. सांगलीतील नाट्यमंदिरालाही विष्णुदास भावे यांचेच नाव दिलेले आहे.

सांगलीहून कोल्हापूर फार दूर नाही. तेथे राजर्षी शाहू महाराजांनी १९१३ साली एका भव्य नाट्यगृहाच्या बांधकामास आरंभ केला आणि १९१५ साली ते पूर्ण झाले. त्याचे पहिले नाव 'पॅलेस थिएटर' असे होते. त्याच्या शेजारीच महाराजांनी बांधलेले खासबाग कुस्ती मैदान आहे. मल्लाचे बळ आणि नटाचा स्वर ह्या दोहोंना एकाच राजाने शेजारी शेजारी घर दिले! १९५७ साली ह्या नाट्यगृहास संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. केशवराव हे कोल्हापूरचेच. त्यांनी 'ललितकलादर्श' ही नाटक मंडळी स्थापन केली आणि आपल्या तेजस्वी गाण्याने महाराष्ट्र गाजविला.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ह्या नाट्यगृहाला आग लागली. रंगमंच जळाला आणि छप्पर कोसळले. दुसरा दिवस, म्हणजे ९ ऑगस्ट, हा केशवरावांच्या जन्माचा दिवस होता. ज्या ठिकाणी त्यांची जयंती साजरी व्हावयाची, तेथे राखेचे ढीग उरले. ज्या रंगमंचाला नमस्कार करून आपण पहिले पाऊल टाकले, तो असा भस्मसात झालेला पाहून अनेक कलावंतांना अश्रू आवरेनात. वास्तू म्हणजे केवळ दगड, लाकूड आणि कौले नव्हेत, हे त्या रात्री साऱ्या गावाला कळले. पुढे शासनाने व कोल्हापूरकरांनी नाट्यगृहाची पुनर्बांधणी हाती घेतली.

केशवरावांचे नाव निघाले, की बालगंधर्वांची आठवण होतेच. हे दोघे दोन वेगवेगळ्या मंडळ्यांचे प्रमुख होते आणि लोक त्यांची सतत तुलना करीत. तरीही जुलै १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी दोघेही मुंबईस एकाच रंगमंचावर उभे राहिले. 'मानापमान' नाटकाच्या त्या संयुक्त प्रयोगात केशवराव धैर्यधर झाले व बालगंधर्व भामिनी झाले. त्यानंतर थोड्याच महिन्यांत केशवरावांचे निधन झाले.

बालगंधर्वांच्या नावाचे रंगमंदिर पुण्यास जंगली महाराज रस्त्यावर आहे. १९६२ साली त्याची कोनशिला खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसविण्यात आली; पण पूर्ण झालेली वास्तू पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९६७ च्या जुलै महिन्यात त्यांचे निधन झाले, आणि २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिनी, रंगमंदिराचे उद्घाटन झाले. त्याच्या उभारणीत पु. ल. देशपांडे यांनी आस्थेने लक्ष घातले होते. प्रसिद्ध चित्रकार गोपाळ देऊसकर यांनी ह्या रंगमंदिरासाठी बालगंधर्वांची चित्रे रंगविली.

मुंबई हे तर नाट्यगृहांचे शहर. दादरचे शिवाजी मंदिर हे १९६५ पासून मराठी नाटकाचे हक्काचे घर आहे. गिरगावाजवळील रॉयल ऑपेरा हाऊसचे उद्घाटन १९११ साली झाले. काळ पालटला, नाटकाच्या जागी तेथे चित्रपट आला. अखेर १९९३ साली त्याचे दरवाजे बंद झाले. तेवीस वर्षे ती सुंदर वास्तू मुकी होती. पुढे तिची काळजीपूर्वक दुरुस्ती झाली आणि २०१६ साली तेथे पुन्हा स्वर उमटले.

नरीमन पॉइंट येथील टाटा थिएटर १९८० साली उघडले. ध्वनिवर्धकाच्या साहाय्यावाचून गायन-वादन सर्वांना ऐकू जावे, ह्या हेतूने त्याची रचना करण्यात आली. त्यात सुमारे एक हजार प्रेक्षक बसतात. ह्याच्या अगदी उलट जुहूचे पृथ्वी थिएटर. तेथे जेमतेम दोनशे प्रेक्षक मावतात. रंगमंचाच्या तिन्ही बाजूंस प्रेक्षक असतात, आणि नट त्यांच्या इतका जवळ असतो, की त्याचा निःश्वासही ऐकू यावा. पृथ्वीराज कपूर यांच्या स्मरणार्थ शशी कपूर व जेनिफर कपूर यांनी ते बांधले. त्याचा आरंभ १९७८ साली ५ नोव्हेंबरलाच झाला, हा एक सुखद योगायोग होय.

गोव्यात पणजी येथे मांडवी नदीच्या काठी कला अकादमीची वास्तू आहे. तिचा आराखडा चार्ल्स कोरिया यांनी केला. तेथील मुख्य नाट्यगृहास मास्टर दीनानाथ मंगेशकर यांचे नाव आहे. त्याच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांनी सज्जांत बसलेले गमतीदार प्रेक्षक रंगविले होते. प्रयोगाला खरे प्रेक्षक थोडे आले, तरी भिंतीवरील प्रेक्षक नटाला कधी एकटे सोडीत नसत!

काही नाटकांना मात्र छप्पर लागतच नाही. तळकोकणात जत्रेच्या रात्री देवळाच्या आवारात दशावतार रंगतो. एक साधे बाकडे हेच तेथे इंद्राचे सिंहासन होते, आणि लिहिलेल्या संहितेवाचून नट आपले संवाद तेथल्या तेथे रचीत जातात. पूर्व विदर्भात, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया ह्या भातपिकाच्या प्रदेशात, कापणी आटोपली, की झाडीपट्टीची नाटके सुरू होतात. मोकळ्या जागेत मंडप उभारतात. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. ह्या रंगभूमीची दीर्घकाळ सेवा करणारे परशुराम खुणे यांना २०२३ साली 'पद्मश्री' देऊन गौरविण्यात आले.

राजवाडा असो, रंगमंदिर असो वा देवळाचे आवार असो, नाटकाचे घर उभे राहण्यास दोनच गोष्टी अवश्य असतात. एक बोलणारा आणि दुसरा मन लावून ऐकणारा. जळालेले छप्पर पुन्हा घालता येते, बंद पडलेले दरवाजे पुन्हा उघडता येतात. परंतु ऐकणारे येईनासे झाले, तर सर्वांत भक्कम वास्तूदेखील ओस पडते. म्हणून आपल्या गावी नाटक आले, की वेळेवर जावे, तिसऱ्या घंटेपूर्वी आपली जागा घ्यावी आणि पडदा उघडला, की शांत राहावे. शेवटच्या रांगेत शांतपणे बसलेले मूलही त्या घराचा एक खांबच असते.