फॉर्म-१ कोण वाचतो?

१९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षण सक्तीचे करायला सांगितले आणि पुढे हा विषय अभ्यासक्रमांत स्थिरावत गेला. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी विधी शाखेला पर्यावरण कायद्याचा पेपर अनिवार्य केला, अभिरूप न्यायालय घातले, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान २० आठवड्यांची इंटर्नशिपही लावली. तरी विद्यार्थ्याच्या हाती येते ते बहुधा निकालपत्र, म्हणजे वाद संपल्यावरचा कागद. वादाचा कस लागतो तो त्याआधीच्या कागदांवर. गोव्यातल्या मोपा विमानतळाची पर्यावरणीय मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये स्थगित केली. त्या निकालात तत्त्वचर्चा भरपूर आहे. पण तो उभा आहे फॉर्म-१ मधल्या, म्हणजे मंजुरीसाठीच्या अर्जातल्या, लपवाछपवीवर. १५ किलोमीटरच्या परिसरातली राखीव वने आणि संवेदनशील क्षेत्रे तिथे नीट दाखवलीच नव्हती. हे हुडकायला ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व पाठ असून भागत नाही, नकाशा आणि अर्ज शेजारी ठेवून वाचावे लागतात.

विद्यार्थ्याला न्यायालयात उभे राहता येत नाही, मग अशा वाचनाचे प्रात्यक्षिक कसले, हा आक्षेप जुना आहे आणि अर्धा खरा. पण पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी निघते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. तो सारांश मूळ अहवालाशी ताडून पाहायला सनद लागत नाही. मंजुरीविरुद्ध हरित लवादाकडे अपिलाला ३० दिवस, सबळ कारण असल्यास आणखी ६०. गावकऱ्यांचे तेवढे दिवस कागद मिळवण्यातच सरतात. दुसरा आक्षेप, अशाने वकील नव्हे, आंदोलक घडतील. मग विद्यार्थ्याला प्रकल्पाच्या बाजूनेही अर्ज तपासायला बसवा. मोपाची स्थगिती उठायला जानेवारी २०२० उजाडला. अर्ज आधीच नीट भरला असता तर प्रकल्पाचेही भलेच होते.

वेळ आणि गुण कुठून आणायचे, ही प्राध्यापकांची अडचण मात्र हसण्यावारी नेण्याजोगी नाही. तरी जागा आहे. त्याच २००८ च्या नियमांत खटल्यांच्या निरीक्षणाला ३० गुण आहेत: एक दिवाणी खटला, एक फौजदारी. जनसुनावणीचा तिथे उल्लेख नाही.