घरगुती संगणकातील बायोसचा बिघाड आणि पुनर्स्थापना : स्वरूप, कारणे व उपाय

गोषवारा

संगणक सुरू होताना सर्वप्रथम कार्यान्वित होणारी आज्ञावली म्हणजे बायोस. ती निकामी झाली की संपूर्ण संगणक मृतवत होतो आणि त्यातील संशोधनसामग्रीही नष्ट झाली, असा समज होतो. हा समज बहुतांशी चुकीचा आहे. प्रस्तुत लेखात बायोसचे कार्य, २६ एप्रिल १९९९ रोजीचा सीआयएच विषाणूचा आघात, बिघाडाचे निदान आणि पुनर्स्थापनेचा क्रम यांचे विवेचन केले आहे. हार्ड डिस्क कूटबद्ध असल्यास उद्भवणाऱ्या प्रश्नाकडेही लक्ष वेधले आहे.

बीजशब्द : बायोस, युईएफआय, फ्लॅश चिप, सीआयएच विषाणू, कूटबद्धता, विदा-संरक्षण

१. प्रस्तावना

जुलै २०२३ मधील एका पावसाळी सायंकाळी प्रस्तुत लेखकाने पुण्यातील राहत्या घरी आपल्या संगणकाच्या बायोसची नवी आवृत्ती बसविण्यास घेतली. काम सुरू असतानाच वीज गेली. यूपीएसची बॅटरी काही महिन्यांपूर्वीच निकामी झाली होती आणि ती बदलण्याचे राहून गेले होते. वीज आल्यावर पंखा फिरू लागला, दिवा लागला. पडदा मात्र काळाच राहिला. त्या संगणकात एम.फिल.च्या वेळी भोर तालुक्यातील गावांत फिरून केलेली मराठी उच्चारांची ध्वनिमुद्रणे होती. त्यांतील काही वृद्ध वक्ते आज हयात नाहीत. म्हणजे ते काम पुन्हा करणे शक्य नव्हते. बाहेरच्या डिस्कवर ठेवलेली प्रत चार वर्षे जुनी आणि अपुरी होती.

एका सेवा केंद्रात संगणक दाखविला असता ‘मदरबोर्ड बदलावा लागेल, माहितीची हमी नाही’ असे सांगण्यात आले. हे उत्तर देताना कोणीही हार्ड डिस्क तपासली नव्हती. आपल्यापैकी अनेक अध्यापकांचे प्रबंध, प्रश्नपत्रिका आणि क्षेत्रीय नोंदी घरच्या संगणकावर असतात. अशा वेळी नेमके काय बिघडले आहे, हे न समजता घेतलेला निर्णयच अधिक हानिकारक ठरू शकतो. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन हेच आहे.

२. बायोसचे स्वरूप व कार्य

‘बायोस’ हे ‘बेसिक इनपुट आउटपुट सिस्टिम’ या नावाचे लघुरूप होय. गॅरी किल्डाल यांच्या सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये १९७० च्या दशकात ही संज्ञा वापरात आली. १९८१ च्या आयबीएम पीसीमुळे ती सर्वपरिचित झाली. वीज मिळताच प्रोसेसर प्रथम या आज्ञावलीकडे वळतो. ती स्मृती, कळफलक, पडदा आदी घटकांची तपासणी करते आणि त्यानंतर हार्ड डिस्कवरील ऑपरेटिंग सिस्टिमकडे सूत्रे सोपविते. आजच्या संगणकांत तिची जागा युईएफआय या नव्या रचनेने घेतली आहे. तिचे प्रमाणीकरण २००५ मध्ये स्थापन झालेल्या युईएफआय फोरमकडे आहे. बोलण्यात मात्र ‘बायोस’ हेच नाव टिकून आहे.

येथे तीन गोष्टींमध्ये भेद करणे आवश्यक आहे. पहिली, बायोसची आज्ञावली. ती मदरबोर्डवरील स्वतंत्र फ्लॅश चिपमध्ये असते आणि वीज नसतानाही टिकते. दुसरी, घड्याळ व मांडणीविषयक नोंदी. जुन्या संगणकांत या नोंदी आणि घड्याळ दोन्ही सीआर २०३२ या ३ व्होल्टच्या नाण्यासारख्या बॅटरीवर अवलंबून असत. नव्या संगणकांत अनेक नोंदी फ्लॅश चिपमध्येच साठविल्या जातात. तिसरी, आपली माहिती. ती हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर असते. पहिली नष्ट झाली तरी तिसरी शाबूत राहू शकते. संपूर्ण विवेचनाचा पाया हा भेद आहे.

३. २६ एप्रिल १९९९ : एक निर्णायक घटना

पूर्वी बायोसची आज्ञावली चिपमध्ये कायमची कोरलेली असे. ती बदलायची तर चिपच बदलावी लागे. १९९० च्या दशकात पुन्हा लिहिता येणाऱ्या फ्लॅश चिप रूढ झाल्या आणि घरबसल्या सुधारणा करणे शक्य झाले. परंतु जे मालकाला लिहिता येते, ते विषाणूलाही पुसता येते, याचा प्रत्यय लवकरच आला.

तैवानमधील चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने १९९८ मध्ये तयार केलेला सीआयएच विषाणू सुमारे एक किलोबाइटचा होता. तो विंडोज ९५ व ९८ मधील फाइलींच्या मोकळ्या जागांत आपले तुकडे बसवीत असे. त्यामुळे फाइलीचा आकार वाढत नसे आणि संशयही येत नसे. सोमवार, २६ एप्रिल १९९९ रोजी त्याच्या सर्वाधिक पसरलेल्या आवृत्तीने जगभर एकाच दिवशी आघात केला. चेर्नोबिल दुर्घटनेचीही तारीख तीच असल्याने त्याला ‘चेर्नोबिल’ हे नाव पडले. दक्षिण कोरिया व तुर्कस्तानप्रमाणेच भारतालाही त्याची झळ बसली. अनधिकृत सीडींवरून सॉफ्टवेअर घेण्याची तेव्हाची सवय त्याच्या प्रसाराला पोषक ठरली.

या विषाणूचे आघात दोन होते. हार्ड डिस्कच्या आरंभीच्या भागावर तो शून्ये लिहीत असे आणि बायोसच्या चिपवरही निरर्थक मजकूर लिहिण्याचा प्रयत्न करीत असे. दुसरा आघात सर्वत्र यशस्वी होत नसे. इंटेलच्या ४३० टीएक्स चिपसेटवर आधारित मदरबोर्डांना त्याचा धोका विशेष होता. अशा वेळी दुरुस्तीकार एक युक्ती वापरीत. त्याच बनावटीचा चांगला संगणक सुरू करावयाचा, तो चालू असतानाच त्याची बायोस चिप खोबणीतून काढावयाची, तेथे मृत चिप बसवावयाची आणि तिच्यावर आज्ञावली पुन्हा लिहावयाची. हे शक्य होई, कारण संगणक एकदा सुरू झाल्यावर आवश्यक भाग स्मृतीत आलेला असे. डिस्कवर मात्र फाइलींची सूची नष्ट झालेली असली तरी फॅट ३२ पद्धतीत त्या सूचीची दुसरी प्रत अनेकदा शाबूत राही आणि तिच्या आधारे माहिती परत मिळविता येई.

त्या वेळी भारतात सायबर कायदा नव्हता. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. पुण्यात दुरुस्तीच्या छोट्या व्यवसायातून कैलास व संजय काटकर या बंधूंनी उभी केलेली विषाणूरोधक सॉफ्टवेअरची कंपनी याच काळात वाढत होती. २००७ मध्ये तिचे नाव क्विक हील टेक्नॉलॉजीज असे झाले.

४. बिघाडाचे निदान

आज विषाणूपेक्षा अर्धवट राहिलेले अद्ययावतीकरण हे बायोसच्या बिघाडाचे अधिक परिचित कारण आहे. चुकीच्या मॉडेलची फाइल वापरणे आणि चिप जुनी होऊन निकामी होणे ही अन्य कारणे होत. तथापि काळा पडदा दिसताच बायोसला दोष देणे योग्य नाही. सैल झालेली रॅम, बिघडलेला पॉवर सप्लाय किंवा सुटलेली केबल यांमुळेही हेच लक्षण दिसते.

घड्याळ मागे जाणे, ‘चेकसम एरर’ असा संदेश येणे ही बहुधा केवळ बॅटरी संपल्याची चिन्हे असतात. ठरावीक संख्येने बीप ऐकू येत असतील तर बायोस जिवंत आहे आणि ती अन्य घटकाची तक्रार करीत आहे, असे समजावे. पंखा फिरतो, परंतु बीप नाही, पडदा नाही आणि हे अद्ययावतीकरणानंतर लगेच घडले आहे, असे असेल तरच बायोसवरील संशय बळावतो.

५. पुनर्स्थापनेचा क्रम

उपायांचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे आणि ज्यातून मागे येता येते त्याकडून ज्यातून मागे येता येत नाही त्याकडे असावा.

अ) वीजपुरवठा तोडून रॅम पुन्हा बसवावी, बॅटरी काही मिनिटे काढून ठेवावी व आवश्यक तर नवी बसवावी. यामुळे मांडणीविषयक चुकीच्या नोंदी पुसल्या जाऊ शकतात.

आ) उत्पादकाने दिलेली अंतर्गत सोय वापरावी. काही मदरबोर्डांवर बायोसच्या दोन चिप असतात. काहींवर प्रोसेसर सुरू न होताही पेन ड्राइव्हवरून आज्ञावली भरण्याचे स्वतंत्र बटण असते. लॅपटॉपमध्ये विशिष्ट कळा दाबून पुनर्स्थापना सुरू होते. डेलच्या अनेक मॉडेलांत कंट्रोल व एस्केप, तर एचपीच्या अनेक मॉडेलांत विंडोज व बी या कळा त्यासाठी आहेत. फाइल नेमक्या त्याच मॉडेलची आणि उत्पादकाच्या संकेतस्थळावरूनच घेतलेली असावी.

इ) हे निष्फळ ठरल्यास प्रोग्रामर नावाच्या छोट्या उपकरणाने चिपवर थेट लेखन करावे लागते. हे काम जाणकाराकडूनच करवून घ्यावे. बहुतेक चिप ३.३ व्होल्टच्या, तर काही १.८ व्होल्टच्या असतात. अधिक दाब दिल्यास चिप जळते. लेखनापूर्वी जुन्या चिपमधील मजकूर दोनदा वाचून, दोन्ही प्रती जुळतात हे पाहून, जतन करावा. कारण त्या संगणकाचा अनुक्रमांक, नेटवर्कचा पत्ता, तसेच अनेक लॅपटॉपमध्ये विंडोजच्या परवान्याची नोंदही त्याच चिपमध्ये असते.

ई) मदरबोर्ड बदलणे हा शेवटचा उपाय होय.

प्रस्तुत लेखकाच्या मदरबोर्डवर दुसऱ्या प्रकारची सोय नव्हती. अखेर बुधवार पेठेतील एका दुरुस्तीकाराने चिपवर आज्ञावली पुन्हा लिहून दिली आणि संगणक सुरू झाला. मदरबोर्ड बदलावा लागला नाही.

६. माहिती आणि कूटबद्धता

दुरुस्तीपूर्वीच हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि माहितीची प्रत करून घ्यावी, हा सल्ला आजही योग्य आहे. मात्र १९९९ मध्ये नसलेली एक अट आता त्याला जोडली गेली आहे. विंडोजमधील बिटलॉकरने डिस्क कूटबद्ध केलेली असल्यास तिचे कुलूप सामान्यतः मदरबोर्डवरील वा प्रोसेसरमधील टीपीएम या सुरक्षाघटकाशी बांधलेले असते. डिस्क अन्यत्र जोडताच ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर डिस्क पूर्णपणे निरोगी असूनही माहिती मिळत नाही. २०२४ मधील विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून, ती नव्याने बसवून मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केल्यास, कूटबद्धता बहुतेक संगणकांवर आपोआप सुरू होते. त्यामुळे ती सुरू आहे हे मालकाला ठाऊकही नसण्याचा संभव आहे.

प्रस्तुत लेखकाने डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली तेव्हा हीच मागणी समोर आली. ती की मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली होती. परंतु त्या खात्याचा विस्मृतीत गेलेला पासवर्ड परत मिळविण्यात दीड तास गेला. काळ्या पडद्यापेक्षा तो दीड तास अधिक कठीण होता. त्यानंतर भोर तालुक्यातील ते आवाज पुन्हा ऐकू आले.

७. निष्कर्ष

१) बायोसचा बिघाड म्हणजे माहितीचा नाश नव्हे. डिस्क तपासल्याशिवाय कोणाचाही तसा निर्वाळा मान्य करू नये.

२) १९९९ च्या घटनेनंतर बायोसच्या लेखनावर निर्बंध आले. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २०११ मध्ये अधिकृत स्वाक्षरी असलेल्या अद्ययावतीकरणाची मार्गदर्शक तत्त्वे दिली. तरीही खंडित होणारी वीज कोणत्याही स्वाक्षरीने थांबत नाही. चालू स्थितीतील यूपीएस असल्याशिवाय बायोसला हात लावू नये आणि सुरक्षेचे वा स्थैर्याचे ठोस कारण नसेल तर तो लावूच नये.

३) अद्ययावतीकरणापूर्वी बिटलॉकर तात्पुरते स्थगित करावे. रिकव्हरी की कागदावर छापून घरातील महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत ठेवावी.

४) संशोधनसामग्रीच्या किमान दोन प्रती, त्यांतील एक घराबाहेर, असाव्यात. बायोस पुन्हा लिहिता येते. दिवंगत वक्त्याचा आवाज पुन्हा मुद्रित करता येत नाही.