डब्याबाहेरचा पंखा

जेट इंजिन आलं आणि पंखा गेला, असा आपल्याकडे एक समज आहे. पंखा म्हणजे प्रोपेलर, म्हणजे जुनं, हळू जाणारं, घरघरणारं विमान. आणि जेट म्हणजे नवीन जमाना! खरं सांगायचं तर पंखा कधी गेलाच नाही. तो फक्त डब्यात जाऊन बसला. एअरबस ए320निओवर बसणारं लीप इंजिन घ्या. त्यात शिरणाऱ्या दर 12 किलो हवेतली साधारण 11 किलो हवा ज्वलनकक्षाच्या वाटेला जातच नाही. पंखा तिला मागे ढकलतो आणि ती बाहेरून निघून जाते. आतला सगळा जाळ, ते कॉम्प्रेसर, ती टर्बाइन, हे सगळं मुख्यतः तो पंखा फिरवण्यासाठी. मग एक साधा प्रश्न पडतो: डबा हवाच कशाला? तो काढून टाकला तर?

या प्रश्नापायी जगातले उत्तमोत्तम इंजिनिअर पन्नास वर्षं डोकं खाजवताहेत. ‘ओपन रोटर’ म्हणतात तो प्रकार हाच.

आधी थोडं गणित (मेकॅनिकलवाल्यांनी ही ओळ टाळली तरी चालेल, त्यांचं पाठ असेलच. असेल ना?). प्रपल्सिव्ह एफिशियन्सी काढायची तर जेटच्या वेगाला विमानाच्या वेगाने भागा, त्यात 1 मिळवा आणि जे येईल त्याने 2 ला भागा. विमान सेकंदाला 250 मीटर वेगाने चाललंय आणि इंजिन हवा 500 मीटरने मागे फेकतंय, तर उत्तर 67 टक्के. तीच हवा 300 मीटरने फेकली तर 91 टक्के! म्हणजे हवा जोरात फेकण्यापेक्षा भरपूर हवा हळू ढकलणं केव्हाही फायद्याचं. पण फुकट काही मिळत नाही. थ्रस्ट म्हणजे हवेचं वस्तुमान गुणिले तिच्या वेगातली वाढ. ही वाढ 250 वरून 50 वर आणली, तर तेवढ्याच थ्रस्टसाठी पाचपट हवा ढकलावी लागते. ढोबळमानाने पाचपट क्षेत्रफळ, म्हणजे सव्वादोनपट व्यास.

आणि इथेच डबा आडवा येतो. पंखा मोठा केला की त्याच्याभोवतीचा डबाही मोठा करावा लागतो. त्याचं वजन वाढतं, हवेशी घासणारा पृष्ठभाग वाढतो. एका मर्यादेनंतर पंख्याने कमावलेलं डबा खाऊन टाकतो. म्हणून काढा तो डबा.

काढण्याआधी तो बिचारा काय काय करत होता ते मात्र बघायला हवं, कारण ओपन रोटरची सगळी कथा म्हणजे डब्याने गुपचूप केलेली कामं दुसऱ्या कुणाकडून तरी करून घेण्याची कथा आहे.

पहिलं काम, हवेला आवरण्याचं. डब्याचं तोंड असं घडवलेलं असतं की पंख्यापर्यंत पोचेतो हवेचा वेग कमी होतो. डबा नसला की पात्याला विमानाच्या पूर्ण वेगाची हवा सोसावी लागते. 35 हजार फुटांवर ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण 295 मीटर. विमान माक 0.8 ने, म्हणजे 236 मीटरने पुढे जातंय आणि पात्याचं टोक 220 मीटरने गोल फिरतंय. दोन्हींची काटकोनातली बेरीज केली तर टोकाचा खरा वेग येतो 320 च्या वर, म्हणजे ध्वनीपेक्षा जास्त. साधा प्रोपेलर इथेच हात टेकतो.

यावरचा उपाय अमेरिकेत निघाला. 1973 च्या तेलसंकटाने विमान कंपन्यांचं कंबरडं मोडलं होतं. नासाच्या क्लीव्हलंडमधल्या लुईस संशोधन केंद्रातले डॅनियल मिकेलसन आणि हॅमिल्टन स्टँडर्ड या प्रोपेलर कंपनीतले कार्ल रोरबाख यांनी वेगळ्या आकाराच्या पात्यांवर काम सुरू केलं. पाती संख्येने जास्त, अतिशय पातळ आणि टोकाकडे कोयत्यासारखी मागे वळलेली. जेट विमानाचे पंख मागे झुकलेले का असतात, तेच कारण इथे. हवेच्या वेगाचा जो हिस्सा पात्याच्या धारेला काटकोनात येतो तोच खरा त्रास देतो. धार तिरकी केली की तो हिस्सा कमी होतो. आता पुस्तकात वाचताना हे सोपं वाटतं. पण एवढं पातळ, वाकडं पातं धातूचं करायचं म्हणजे ते वजनाने फिरताना पिळवटणार आणि फडफडणार. म्हणून काँपोझिट पाती आली.

जनरल इलेक्ट्रिकने तर धाडसच केलं. त्यांच्या जीई36 इंजिनात एकामागे एक असे दोन पंखे, उलटसुलट दिशांना फिरणारे. पुढच्या पंख्याने हवेला दिलेला पीळ मागचा पंखा सोडवतो, त्यामुळे ती ऊर्जा वाया जात नाही. गिअरबॉक्स नाहीच, टर्बाइनचे टप्पेच एकमेकांत गुंतवून उलटसुलट फिरवले आणि पाती थेट त्यांच्यावर बसवली. 20 ऑगस्ट 1986 रोजी मोहावीच्या वाळवंटात बोइंग 727 च्या शेपटीशी लटकून हे इंजिन उडालं. 1987 साली एमडी-80 वर उडालं. त्याच वर्षीचं मानाचं कॉलियर पारितोषिक लुईस केंद्राला आणि या प्रकल्पातल्या कंपन्यांना मिळालं. बोइंग तर 7जे7 नावाचं नवं विमानच याच्याभोवती आखत होती.

आणि मग सगळं थांबलं. इंजिन फुटलं का? नाही. 1986 साली तेलाचा भाव कोसळून जवळजवळ निम्म्यावर आला होता. ज्या इंधनासाठी एवढा खटाटोप, तेच स्वस्त झालं. 7जे7 मागे पडलं, 1989 मध्ये जीई36 गुंडाळलं गेलं. मला या गोष्टीचं राहून राहून आश्चर्य वाटतं. आपल्याला चार वर्षं शिकवतात की डिझाइन फेल होतं ते स्ट्रेसने, फटीगने, हीटने. क्रूड ऑइलच्या भावाने फेल होणारं डिझाइन कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही. अर्थात सगळंच पाण्यात गेलं नाही. जीई36 च्या काँपोझिट पात्यांचा अनुभव जीई90 च्या पंख्यात उतरला आणि 1995 पासून बोइंग 777 त्या पंख्यावर उडू लागलं.

पण तेलाचा भाव हे एकच कारण सांगितलं तर ते अर्धसत्य होईल. आवाज हा खरा दुखरा भाग होता. हे डब्याचं दुसरं काम. डब्याच्या आतल्या भिंतींना आवाज पिणारं जाळीदार अस्तर असतं. उघड्यावर ते लावणार कुठे? त्यात उलटसुलट फिरणारे दोन पंखे म्हणजे कहर. पुढच्या पात्यामागे खवळलेल्या हवेचा पट्टा राहतो, टोकापासून भोवरा निघतो, आणि मागचं पातं दर फेऱ्यात या सगळ्याला कापत जातं. असल्या दुहेरी पंख्यांची गर्जना आपल्याकडे गोव्याने ऐकली आहे. भारतीय नौदलाची तुपोलेव्ह टीयू-142 विमानं 1988 पासून काही वर्षं दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर होती. (ती आता निवृत्त आहेत. विशाखापट्टणमच्या संग्रहालयात एक बघायला मिळतं, पंखे नक्की बघा.) दोन्ही ओळींत पात्यांची संख्या वेगळी ठेवली तर सगळी पाती एकाच क्षणी एकमेकांसमोर येत नाहीत. मागची पाती थोडी आखूड केली तर पुढच्यांचा भोवरा त्यांच्या बाहेरून निघून जातो. हे उपाय ऐकायला किरकोळ, पण किती आखूड आणि किती वेगळी, हे ठरवायला ऐंशीच्या दशकातले कॉम्प्युटर पुरे पडत नव्हते.

ते आता पुरतात. फ्रान्सच्या साफ्रानने 2017 साली इस्त्र इथे दोन पंख्यांचं ओपन रोटर जमिनीवर चालवून पाहिलं. त्याचा गाभा राफेलच्या एम88 इंजिनावरून घेतलेला होता. जून 2021 मध्ये साफ्रान आणि जनरल इलेक्ट्रिक यांच्या सीएफएम या संयुक्त कंपनीने ‘राइज’ प्रकल्प जाहीर केला. त्यात एक पंखा सरळ काढूनच टाकलाय! पुढे फिरणारा एकच पंखा, मागे न फिरणारी पाती. पीळ सोडवण्याचं काम ती पाती करतात, पण एक फिरता पंखा कमी झाल्याने आवाज, वजन आणि यंत्रणेची गुंतागुंत तिन्ही उतरतात. इथे गिअरबॉक्स परत आला. हवा कशी वाहते हे तपासायला अमेरिकेतला फ्रंटियर सुपरकॉम्प्युटर वापरला जातोय. उद्दिष्ट आहे आजच्या इंजिनांपेक्षा 20 टक्के इंधन वाचवण्याचं. ज्या धंद्यात एक टक्क्यासाठी वर्षानुवर्षं घासाघीस चालते, तिथे हा आकडा फारच मोठा.

राहिलं डब्याचं तिसरं काम, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड. पंख्याचं पातं तुटलं तर ते डब्यातच अडकलं पाहिजे असा नियम आहे. पूर्ण वेगात मुद्दाम पातं उडवून ते सिद्ध करून दाखवावं लागतं. डबाच नसेल तर? प्रोपेलरचा नियम वेगळा: तिथे पातं सुटणारच नाही हे सिद्ध करायचं, त्यासाठी मुळाशी नेहमीच्या कमाल सेंट्रिफ्यूगल लोडच्या दुप्पट भार लावून तपासतात. ओपन रोटर या दोहोंच्या मधलं जनावर. मूळ अभेद्य करायचं की विमानाच्या अंगाला चिलखत घालायचं? चिलखताचं वजन तर वाचवलेलं इंधन परत खाणार. आवाजाचं उत्तर कॉम्प्युटरने बरंचसं दिलं. याचं उत्तर शेवटी टेस्ट बेडवर आणि नियामकांच्या टेबलावरच मिळेल.

शिवाय जागेचा प्रश्न आहेच. लीपच्या पंख्याचा व्यास 2 मीटरच्या आत-बाहेर. राइजचा 4 मीटरच्या जवळपास. आजच्या 737 च्या पंखाखाली तो मावणंच शक्य नाही, म्हणजे विमानच नव्याने काढायला हवं. रोल्स-रॉइसला हे सगळं नको आहे. त्यांनी अल्ट्राफॅन हा डब्यातलाच मोठा पंखा गिअरबॉक्स लावून 2023 मध्ये डर्बीला चालवून दाखवला. एअरबसने अजून शब्द कुणालाच दिलेला नाही, पण राइजची उड्डाण-चाचणी याच दशकात एका ए380 च्या पंखाखाली करायचं 2022 मध्येच ठरलंय. दोन मजली, चार इंजिनांचं ते धूड, आणि त्यातल्या एका जागी उघडा पंखा.