कामावर जाणारी आई, तान्हे मूल आणि थोरली मुलगी

गंगापूर तालुक्यात आज कामावर न जाणारी स्त्री शोधावी लागते. वाळूजची औद्योगिक वसाहत याच तालुक्याच्या हद्दीत आहे. १९८५ साली तेथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्यामागून लहानमोठे अनेक कारखाने आले आणि आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे खेड्यातून त्या बाजूला सरकली. काही भगिनी शिक्षिका आहेत, काही परिचारिका, अंगणवाडी सेविका. त्यांच्याहून पुष्कळ अधिक भगिनी दिवाळीनंतर कापूस वेचणीला, उन्हाळ्यात कांदा काढायला आणि मिळेल तेव्हा बांधकामावर जातात. या सर्वांची अडचण एकच आहे : घरात सहा वर्षांच्या आतले मूल असले, तर आई कामावर गेल्यावर त्याला सांभाळायचे कोणी?

हा प्रश्न ज्या त्या बाईने आपल्या घरात सोडवावा, असे आपण समजतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तसे मानले नव्हते. १९२८ च्या जुलैत मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना त्यांनी असे मांडले की, बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे. त्या काळच्या गिरणगावाची स्थिती लक्षात घेतली म्हणजे या भूमिकेचे मोल कळते. कामावर जाताना मूल रडू नये, निजून राहावे, म्हणून आया त्याला अफूची बाळागोळी देत. आईला मुलाची माया नव्हती असे नाही, तिला दुसरी सोय नव्हती. १९२९ साली मुंबई इलाख्यात हा कायदा झाला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी खाणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यातही सुधारणा घडवून आणली.

आजचा कायदा काय देतो, हे प्रत्येक नोकरदार भगिनीला माहीत असले पाहिजे. १९६१ च्या कायद्याने १२ आठवड्यांची पगारी रजा दिली होती. २०१७ च्या दुरुस्तीने ती पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे झाली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच मुदत ठेवली आहे. त्यासाठी बाळंतपणाच्या आधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेले असावे लागते. मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत अंगावर पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा जादा सुट्टी मिळते. जेथे ५० किंवा अधिक लोक कामाला आहेत, तेथे पाळणाघराची सोय करणे मालकावर बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाऊ दिले पाहिजे. राज्य शासनाच्या सेवेतील महिलांना २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजाही आहे. मात्र ५० माणसांची अट जेथे संपते, तेथे पाळणाघराचा हक्कही संपतो. लहान कारखान्यात, दुकानात, कंत्राटदाराच्या हाताखाली किंवा शेतावर राबणाऱ्या बाईपर्यंत हा कायदा पोहोचतच नाही. तिला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात. ते जरूर घ्यावेत, पण त्यातून बुडालेली मजुरी भरून निघत नाही.

मग मूल कोणाकडे राहते? सासू किंवा आई घरात असली तर तिच्याकडे. ती नसली तर शेताच्या बांधावर, बाभळीला बांधलेल्या झोळीत. आणि पुष्कळ घरांत ते राहते थोरल्या मुलीकडे. ही गोष्ट आपण मोकळेपणाने बोलत नाही, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. वेचणीचा हंगाम सुरू झाला की पाचवी-सहावीतल्या मुली आठवड्यातून दोन-तीन दिवस शाळेत दिसेनाशा होतात. गुरुजी विचारतात, तेव्हा उत्तर मिळते, ‘घरी लहान भाऊ आहे.’ मुलाला कोणी असे घरी ठेवत नाही. चाचणी बुडते, गणिताचा एखादा भाग राहून जातो, मग पुढचा समजत नाही. आठवी-नववीत ती मुलगी नापास झाली की, ‘हिचे डोकेच चालत नाही’ असे आपणच म्हणतो आणि तिच्या लग्नाचे बघू लागतो. जयंतीच्या मिरवणुकीत ‘शिका’ हा शब्द सर्वांत मोठ्याने म्हणणाऱ्या घरातही हे घडते. दहा वर्षांच्या मुलीच्या शिक्षणातून आपण धाकट्याच्या सांभाळाची किंमत फेडत असतो.

यावरचा उपाय महाराष्ट्रातच एका बाईंनी शोधून दाखविला होता. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्हा) बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. वस्तीतली मुले शाळेपर्यंत येत नाहीत, हे पाहून त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द या कामातून रूढ झाला. पुढे कोसबाडच्या आदिवासी भागात त्यांच्या ध्यानात आले की, मोठी मुले शाळेत येत नाहीत, कारण कडेवर धाकटे भावंड असते. तेव्हा त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली व तिला विकासवाडी म्हटले. ताई भावाला घेऊन येई, भाऊ पाळणाघरात राही आणि ताई वर्गात बसे. खर्च फार नव्हता. मूल शाळेत का येत नाही, याची चौकशी त्याच्या घरापर्यंत जाऊन करण्याची तयारी मात्र होती.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी देशभर नेली. तिचा मोठा आधार आहे. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना पूरक आहार, वजन, लसीकरण, तीन वर्षांनंतर बालवाडीचे शिक्षण हे सारे तेथे मिळते. परंतु अंगणवाडी दिवसाचे काही तासच उघडी असते आणि मजुरीवर गेलेली आई दिवस मावळताना परतते. पाळणाघरासह अंगणवाडी चालविण्याची ‘पाळणा’ ही योजना २०२२ पासून केंद्राने आणली आहे. आपल्या वस्तीसाठी तिची मागणी ग्रामसभेत किंवा नगरपरिषदेत लेखी करता येते. तोंडी मागणीचा उपयोग होत नाही, हा आपला अनुभव आहेच.

घरातल्या सोयींविषयीही थोडे सांगणे जरूर आहे. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, पाणीसुद्धा नाही. आईला कामावर जावे लागले तर हात स्वच्छ धुऊन दूध काढून, उकळून घेतलेल्या झाकणाच्या भांड्यात ठेवावे व वाटी-चमच्याने पाजावे. बाटली स्वच्छ राहत नाही. थंड खोलीत असे दूध चार तास टिकते. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यात तेवढाही भरवसा धरू नये. सहा महिन्यांनंतर मऊ भात, वरण, कुस्करलेले केळे, शिजवून मऊ केलेला बटाटा सुरू करावा. ताप नसताना जुलाब झाले तर कामावरून येईपर्यंत वाट पाहू नये. जलसंजीवनीचे पाकीट घरात असावे आणि ते एक लिटर पाण्यात कसे कालवायचे, हे आजीलाही माहीत असावे. लसीकरणाचे दिवस ठरलेले असतात आणि नेमके ते कामाचे दिवस असतात. त्यामुळे नवव्या महिन्यातील गोवर-रुबेलाची लस व दीड वर्षाच्या सुमाराचा तिचा दुसरा डोस चुकण्याचा संभव मोठा. त्या दिवशी आजीने, काकूने किंवा बापाने मुलाला न्यावे.

बापाचा उल्लेख आला, तेव्हा त्यांनाही सोडून चालणार नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत असे दिसले की, घरकाम करणाऱ्या स्त्रिया रोज सरासरी २८९ मिनिटे बिनमोल घरकामात घालवितात, तर पुरुष ८८ मिनिटे. तेही घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचेच. हात न लावणारे वेगळे. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी पतीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. तिचा मान राखणे, अवमान न करणे, एकनिष्ठ राहणे, घराचा अधिकार तिच्या हाती देणे आणि तिला अलंकार देणे. यातील चौथ्या कर्तव्याचा आपण सोयीचा अर्थ लावला. घराचा अधिकार दिला म्हणजे घरची सगळी भांडी तिच्यापुढे टाकली, असे होत नाही. पहिल्या पाळीला जाणाऱ्या बाईचा नवरा दुसऱ्या पाळीला असेल, तर सकाळी मुलाला न्हाऊ घालणे, भरवणे, अंगणवाडीत पोहोचविणे त्याला सहज जमते. शेजारी हसतील म्हणून तो करीत नाही, एवढेच.

आता आपल्या संस्थेपुरते. वस्तीतले विहार रविवारी वंदनेला आणि जयंती-पौर्णिमेला भरते, एरवी दिवसभर कुलूपबंद असते. वेचणीच्या तीन महिन्यांत ते सकाळी आठ ते संध्याकाळी सहा उघडे ठेवावे, वस्तीतल्या दोन भगिनींना मानधन देऊन दहा-बारा मुले सांभाळावीत, असा प्रस्ताव आहे. लागणारी वस्तू फार नाहीत : सतरंज्या, झाकणाचा पाण्याचा माठ, चार झोळ्या, प्रथमोपचाराची पेटी आणि हजेरीची वही. आयांनी मजुरीतून थोडे द्यावे, नोकरदार सभासदांनी महिन्याचे वर्गणीचे पैसे वाढवावेत, हिशेब भिंतीवर लावावा. महाविद्यालयात शिकणाऱ्या मुला-मुलींनी शनिवारी दोन तास दिले तरी गोष्टी, गाणी, अक्षरओळख होईल. त्या हजेरीच्या वहीत आणखी एक रकाना आखून ठेवावा. प्रत्येक लहान मुलाच्या नावापुढे त्याच्या थोरल्या बहिणीचे नाव, इयत्ता आणि त्या दिवशी ती शाळेत गेली की नाही, हे त्यात रोज लिहावे.