इंधनाचा दाब वाढवला की गाडी पळते?

पेट्रोल इंजेक्शनच्या गाडीत समायोज्य रेग्युलेटर बसवून इंधनाचा दाब वाढवला की ताकद वाढते, असा समज हौशी मंडळींत रुजलेला आहे. त्यात तथ्य आहे, पण थोडंच.

इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो; तेवढ्या वेळात किती पेट्रोल जाईल हे दाबावर अवलंबून. मात्र प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ३ बारचा दाब ४ बार केला, म्हणजे तब्बल ३३ टक्के चढवला, तरी पेट्रोल जेमतेम १५ टक्के जास्त जातं. शिवाय दाब चढला की पंपाचा पुरवठा घटतो.

खरा प्रश्न मिश्रणाचा आहे. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते. सर्वाधिक ताकद मिळते ती साडेबारा-तेरा पटीच्या आसपास. रोजच्या चालवण्यात ऑक्सिजन सेन्सर जादा पेट्रोल ओळखतो आणि ईसीयू इंजेक्टरचा वेळ कापतो, म्हणजे केलेला बदल तिथेच पुसला जातो. फरक पडतो तो पूर्ण थ्रॉटलला; तिथे ईसीयू सहसा ठरलेल्या तक्त्यानुसार चालतो. मूळ मिश्रण तिथे लीन, म्हणजे पेट्रोल कमी असलेलं, असेल तरच फायदा. पण अनेक गाड्या इंजिन थंड राहावं म्हणून तिथे आधीच रिच, म्हणजे जादा पेट्रोलवर, ठेवलेल्या असतात. त्यात भर घातली तर ताकद उलट घटते, प्लग काळे पडतात, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो.

वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लावून डायनोवर (ताकद मोजण्याच्या यंत्रावर) मिश्रण मोजल्याशिवाय रेग्युलेटरला हात लावू नका.